झाड पाडण्याआधी त्याची वाट ठरवा

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात मालकीच्या डोंगरउतारावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लावलेला साग, सिल्व्हर ओक आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आता तोडीच्या घेराला आली आहेत. सौद्याचं बोलणं बहुतेक घनफुटाच्या भावावर चालतं. लाकूड बुंध्यापासून ट्रकपर्यंत कसं जाणार, हा प्रश्न झाडं आडवी पडल्यावर निघतो, आणि तेव्हा फार थोडं हातात उरलेलं असतं. झाड कुठल्या दिशेला पडलं, ओंडका किती लांबीचा कापला आणि रस्ता वर आहे की खाली, या तीन गोष्टींवर पुढचा सगळा खर्च ठरतो. त्यातल्या पहिल्या दोन करवत लावायच्या आधीच आपल्या हातात असतात. म्हणून बैल, ट्रॅक्टर, विंच (तारेचा दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र), तारेचा झुला यांची तुलना इथे मांडतो आहे, ती तोडीआधी वाचायची म्हणून.

सुरुवात वजनापासून, कारण पहिली चूक तिथेच होते. वखारीत गोल लाकूड चौथाई घेराने मोजतात: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. मधला घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर माप बरोबर १० घनफूट येतं. पण हे व्यापाराचं माप आहे. कापणीत सालपट आणि कडा वाया जाणार हे गृहीत धरून ते कमी ठेवलेलं असतं. त्याच ओंडक्याचं खरं आकारमान सुमारे १२.७ घनफूट, म्हणजे ०.३६ घनमीटर भरतं. त्यात सुकलेल्या सागाची घनता, घनमीटरला साधारण ६५० किलो, धरून कोणी हिशोब केला तर १० घनफुटाचं उत्तर येतं १८४ किलो. ताज्या तोडीचा साग मात्र पाण्याने भरलेला असतो आणि घनमीटरला १,००० किलोच्या आसपास जातो. म्हणजे तोच ओंडका प्रत्यक्षात ३६० किलोचा! दोर, साखळी, माणसं, बैल, सगळ्यांचा अंदाज निम्म्याने चुकतो तो इथे. ओढकामात वखारीचं माप बाजूला ठेवावं आणि खरं आकारमान धरून ताज्या लाकडाचं वजन काढावं.

पुढचं गणित घर्षणाचं. साल असलेला ओंडका मुरमाड मातीवर सपाटीला ओढायला त्याच्या वजनाच्या साधारण ६० टक्के जोर लागतो. उतारावरून खाली ओढताना उताराचे टक्के त्यातून वजा होतात, चढावर मिळवावे लागतात. आपला ३६० किलोचा ओंडका सपाटीवर सुमारे २१६ किलोचा जोर मागतो, २० टक्के उतारावर खाली येताना १४४, ४० टक्क्यांवर ७२, आणि २० टक्के चढावर वर नेताना २८८. साठ टक्क्यांच्या जवळपास तो काही मागतच नाही, स्वतःच सुटतो. हे आकडे ढोबळ आहेत. ओल्या पाल्यावर घर्षण घटतं, खडकाच्या टोकांवर वाढतं. तरी कुठली पद्धत चालेल आणि कुठली नाही, हे एवढ्या आकड्यांवरून कळतं.

उतार मोबाइलवर मोजता येतो, पण बहुतेक ॲप अंशांत सांगतात आणि लोक तो आकडा टक्के समजतात. ११ अंश म्हणजे २० टक्के, १७ अंश म्हणजे ३०, २२ अंश म्हणजे ४०, २७ अंश म्हणजे ५०. मोबाइल नको असेल तर १० मीटरची दोरी पाण्याच्या नळीने समपातळीत धरावी आणि खालच्या टोकाशी जमिनीपर्यंतची उंची मोजावी. दोन मीटर भरली की २० टक्के. मोजणी ज्या वाटेने लाकूड जाणार त्या वाटेवर करायची. संपूर्ण डोंगराचा सरासरी उतार काढून उपयोग नाही, कारण सबंध वाटेवरची एकच खडी पायरी सगळी पद्धत बदलायला लावते.

आता झाड पाडायची दिशा. ओढायची वाट आधी चुन्याने किंवा फडक्यांनी आखून घ्यावी आणि झाडं त्या वाटेशी ३० ते ४५ अंशांचा कोन करून, माशाच्या काट्यासारखी, बुडखा वाटेकडे येईल अशी पाडावीत. वाटेला काटकोनात पडलेला ओंडका वळवावा लागतो. वळताना त्याचं शेपूट चार-पाच मीटरचा फेर घेतं आणि त्या फेऱ्यात उभ्या झाडांच्या साली सोलून काढतं. साग खोडापासून पुन्हा फुटतो. तोडलेल्या बुंध्याची साल शाबूत असेल तर पुढच्या पावसात जोमदार फुटवे येतात. त्याच बुंध्यांवरून ओंडके घासत नेले तर साल निघते आणि फुटवे कमजोर येतात किंवा येतच नाहीत. बुंधा जमिनीपासून जास्तीत जास्त १५ सेंटिमीटरवर, पाणी साचणार नाही असा तिरपा कापावा आणि वाट बुंध्यांच्या रांगांमधून न्यावी. पुढचं पीक इथेच वाचतं किंवा जातं, त्यामुळे या एका गोष्टीवर मी कधीच तडजोड सुचवणार नाही.

लांबीचा मोह वेगळा. ओंडका जड वाटला की मजूर तो मधे कापून हलका करतात. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये सागाला भाव मिळतो तो चौकटीच्या लांबीला, आणि दाराच्या उभ्या पट्टीला ७ फूट लागतात. ओढायला सोपं म्हणून साडेसहा फुटांवर कापलेला चांगला ओंडका चौकटीतून बाद होतो आणि किरकोळ कामाच्या भावात जातो. ७ किंवा १४ फूट ही लांबी धरावी, वर दोन्ही टोकांच्या भेगा आणि घासलेल्या कडा काढायला मिळून ३-४ इंच जादा सोडावेत. वाकडं खोड मात्र वाकाशीच कापावं. ते लांब ठेवलं तर ओढताना प्रत्येक झाडाला अडतं आणि वखारीतही त्याला कोणी जास्त देत नाही.

हाताने काम होतं ते बल्ल्या (बारीक लांब वासे) आणि सरपणापुरतं. पहारीने ओंडका गडगडत नेणं ५-१० मीटर ठीक. त्यात नियम एकच: माणूस ओंडक्याच्या वरच्या अंगाला असावा, खालच्या अंगाला कधीच नाही.

बैलजोडी अजूनही स्वस्त आणि जमिनीला सगळ्यात सौम्य आहे. चारशे किलोचा एक बैल दिवसभर टिकेल असा जोर आपल्या वजनाच्या १०-१२ टक्के देतो, म्हणजे जोडीचा मिळून ८० ते ९५ किलो. झटक्यापुरता याच्या दोन-तीनपट मिळतो, पण झटका हा काही काम करायचा वेग नव्हे. वरच्या हिशोबात घातलं तर २० टक्के उतारावर जोडी दिवसभर ओढू शकेल असा ओंडका २२० किलोचा, साधारण ६ घनफुटांचा. ३६० किलोचा सपाटीवर ओढायला लावला तर प्रत्येक दहा पावलांवर जोडी थांबणार, आणि संध्याकाळपर्यंत खांदा सोलवटणार. म्हणून बैलांचं खरं क्षेत्र १५ ते ३० टक्के उतार, रस्ता खाली, अंतर ३०० मीटरच्या आत आणि ओंडके ६ घनफुटांपर्यंत. त्याहून खड्या उतारावर ओंडका बैलांच्या मागच्या पायांवर चढतो. तिथे ओंडक्याच्या पुढच्या भागाला जाड साखळीचे दोन वेढे द्यावेत. साखळी मातीत रुतून ब्रेकचं काम करते. किंवा मागे दोर बांधून तो भक्कम बुंध्याला वेढे देत सोडावा. सुती किंवा काथ्याच्या दोराचा लाकडावर एक पूर्ण वेढा ताण साधारण सहा पटींनी कमी करतो, दोन वेढे चाळीसपट. दोन वेढ्यांवर एक माणूस ३०० किलोची ओढ आरामात धरून ठेवतो. अट एवढीच की दोर हाताला गुंडाळलेला नसावा.

बैलांसाठी ओंडक्याचं नाक काढणं फार जण विसरतात. बुडख्याची खालची कडा कुऱ्हाडीने चार-पाच बोटं तासून गोल केली की ओंडका माती खणत नाही. साखळी टोकापासून दीड फुटावर, फास आवळेल अशी घालावी आणि ओढीची दिशा शक्य तेवढी वर ठेवावी, म्हणजे नाक किंचित उचललं जातं. बुडखा पुढे ठेवण्याचं कारणही हेच. जड बाजू उचलली की मागे घासणारा भाग हलका राहतो.

दोन चाकी ओढगाडा ही माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षिलेली वस्तू आहे. जुन्या जीपचा ॲक्सल, त्यावर कमानीसारखा वाकवलेला पाइप, मधे हूक, पुढे दांडा, बस. भोसरीतलं कुठलंही फॅब्रिकेशनचं दुकान दोन दिवसांत हे करून देईल. कमान ओंडक्यावर उभी करायची, साखळी अडकवायची आणि दांडा खाली दाबायचा की ओंडक्याचं पुढचं टोक उचललं जातं. अर्धं वजन चाकांवर गेल्यावर सपाटीची २१६ किलोची ओढ सुमारे १२५ वर येते. ओंडका मधोमध तोलून पूर्ण उचलला तर ५० किलोच्या आसपास, म्हणजे जोडीला फिरायला गेल्यासारखं. मात्र चाकांनी घर्षण जातं तसा घर्षणाचा ब्रेकही जातो. पूर्ण उचललेला ओंडका १०-१५ टक्क्यांहून जास्त उतारावर नेऊ नये. तिथे शेपूट मुद्दाम घासत ठेवावं.

ट्रॅक्टरकडे येऊ, कारण बहुतेकांकडे तोच असतो आणि सर्वांत जास्त अपघातही त्यावरच होतात. पन्नास एचपीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचं वजन साधारण २,००० किलो, त्यातलं १,३०० मागच्या ॲक्सलवर. मुरमाच्या वाटेवर टायरची पकड त्याच्या निम्मी धरली तर ओढ मिळते ६५० किलोची. इंजिनात ताकद याहून किती तरी जास्त असते, पण टायर आधी घसरतात. पुढचं टोक लिंकेजवर (ट्रॅक्टरच्या मागच्या उचलणाऱ्या दांड्यांवर) उचललेले तीन ३६० किलोचे ओंडके सपाटीवर एका खेपेत निघतात. वाटेत १५ टक्के चढ आला की ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन वर न्यायलाच ३०० किलोची ओढ खर्च होते आणि उरलेल्या ३५० मध्ये दोन ओंडकेही पूर्ण मावत नाहीत. म्हणजे एकच! वाटेतला एक चढ खेपा तिप्पट करतो. तो चढ वळसा घालून टाळता आला तर दोनशे मीटर जास्त चालणं केव्हाही परवडतं.

जोडणीबद्दल आता शब्द मोजून लिहितो. ओंडक्याची साखळी ड्रॉबारलाच (मागच्या खालच्या ओढदांड्यालाच), मागच्या ॲक्सलच्या मध्यापेक्षा खाली अडकवायची. टॉप लिंकच्या (लिंकेजच्या वरच्या मधल्या दांड्याच्या) खाचेत किंवा ॲक्सलच्या नळीभोवती साखळी घातली आणि ओंडका बुंध्याला अडला, तर चाकं फिरायची थांबतात आणि इंजिन ट्रॅक्टरलाच मागच्या ॲक्सलभोवती फिरवतं. पुढची चाकं उचलली गेल्यापासून ट्रॅक्टर चालकावर उलटा पडायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. क्लच दाबायला तेवढा वेळ पुरत नाही. लिंकेजवर टोकं उचलायची असतील तर मागे जाड पत्र्याची ढाल हवी, ओंडके तिला टेकलेले हवेत, आणि पुढच्या ॲक्सलवर एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहील एवढी पुढे वजनं लावलेली हवीत. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की ओझं जास्त झालं आहे. उतार २०-२५ टक्क्यांपर्यंत, तोही सरळ वर-खाली. आडव्या उतारावर ट्रॅक्टर चालवूच नये. एका बाजूचं चाक बुंध्यावर चढलं आणि दुसरं खड्ड्यात गेलं की १५ टक्केसुद्धा पुरे होतात.

ट्रॅक्टर लाकडापर्यंत नेण्यापेक्षा लाकूड ट्रॅक्टरपर्यंत आणणं केव्हाही बरं. पीटीओवर (इंजिनाने फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर) चालणारी विंच त्यासाठीच असते. ट्रॅक्टर आखलेल्या वाटेवर उभा राहतो, १० किंवा १२ मिलिमीटरचा तारेचा दोर ५०-६० मीटर आत नेला जातो, आणि त्या पट्ट्यातली जमीन चाकांखाली येतच नाही. रस्ता वर आणि झाडं खाली असतील तर बैलांचा प्रश्नच उरत नाही, विंचच हवी. तिच्यावर लिहिलेली ओढ ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाची असते. दोर गुंडाळत जातो तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटते. शेवटचे तीन-चार वेढे ड्रमवर कायम राहिले पाहिजेत, कारण ताण ते वेढे घेतात. दोराचं टोक ज्या छोट्या बोल्टने पकडलेलं असतं तो ताणासाठी नसतो.

कप्पीबद्दल गैरसमज फार. झाडाला बांधलेली कप्पी फक्त दिशा बदलते, जोर वाढवत नाही. जोर दुप्पट होतो तो कप्पी ओंडक्याला लावून दोराचं टोक बुंध्याला परत बांधलं तर, आणि तेव्हा वेग निम्मा होतो. बांधलेल्या कप्पीवर दोर काटकोनात वळत असेल तर तिच्या पट्ट्यावर दोराच्या दीडपटीला थोडा कमी ताण येतो. दोर पूर्ण उलटा वळत असेल तर दुप्पट. कप्पी आणि तिचा पट्टा दोराइतक्याच ताकदीचे घेतले की तिथेच तुटतं. आणि वळलेल्या दोराच्या कोनाच्या आत कोणीही उभं राहू नये. कप्पी सुटली तर ताणलेला दोर कोनातूनच सरळ होतो, वाटेत येईल ते कापत.

दोर जुन्या बाजारातून आणायला माझी हरकत नाही, पण तो तपासून घ्यावा. एक पदर दोराभोवती पूर्ण फेरा घेतो तेवढी लांबी म्हणजे एक पीळ. एका पिळात सहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पदरात तीन, तर दोर बाद. चपटा झालेला, कोंब काढून फुगलेला किंवा कडक वळ पडलेला दोरही बाद, मग तारा शाबूत दिसल्या तरी. तपासताना जाड चामडी हातमोजे घालून फडकं फिरवावं, तुटलेली तार फडक्यात अडकते. टोकाला क्लिप लावताना क्लिपचा यू मेलेल्या, म्हणजे ताण नसलेल्या, टोकावर आणि खोगीर (क्लिपची खाचेची पट्टी) ताण घेणाऱ्या दोरावर. उलट लावली तर यू ताणाच्या दोरालाच चेपतो. १२ मिलिमीटरच्या दोराला किमान तीन क्लिपा, प्रत्येकीत दोराच्या व्यासाच्या सहापट, म्हणजे सात सेंटिमीटर अंतर, आणि पहिली ओढ झाल्यावर नट पुन्हा आवळायचे. साखळी घेताना कड्यांवरचा ग्रेडचा शिक्का बघावा. आठ मिलिमीटरची ग्रेड ८० साखळी २ टनांच्या कामाला चालते. बिनशिक्क्याच्या साखळीवर किती भरवसा ठेवायचा ते सांगता येत नाही, म्हणून ठेवूच नये.

वेळेचा अंदाज घेण्यापुरता एक हिशोब. २२० किलोचे १०० ओंडके, अंतर २५० मीटर, रस्ता खाली. बैलजोडी जाऊन-येऊन, साखळी घालून-सोडून एका ओंडक्याला वीस मिनिटं घेते. सहा तासांत अठरा ओंडके, म्हणजे साडेपाच दिवस. एप्रिल-मेच्या उन्हात सहा तास बैलांना झेपत नाहीत, चार धरावेत. विंच लावलेला ट्रॅक्टर चार ओंडके जोडून ओढायला पंचवीस मिनिटं घेईल. पंचवीस खेपा, जवळपास दीड दिवस. पण ट्रॅक्टरला तीन मीटर रुंदीची वाट लागते, बैलांना दीड मीटर पुरते. ओंडके थोडे आणि विखुरलेले असतील तर वाट काढायचा खर्चच जास्त होतो, आणि मग बैल स्वस्त पडतात. विरळणीच्या (गर्दीतली काही झाडं काढण्याच्या) पहिल्या फेरीला बैल आणि शेवटच्या तोडीला ट्रॅक्टर, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी बसते.

लाकूड घासत नेण्याऐवजी उचलून नेणं हा तिसरा मार्ग. फिनलंड-स्वीडनमध्ये फॉरवर्डर नावाची यंत्रं कापलेले तुकडे पाठीवर घेतात आणि चाकांखाली फांद्यांची गादी अंथरून चालतात. आपली ट्रॉली हेच काम करते. निलगिरी-बाभळीचा दोन-तीन मीटरचा माल असेल आणि उतार १० टक्क्यांच्या आत असेल तर ट्रॉलीला पर्याय नाही. फांद्यांची गादी मात्र आपण घेत नाही, सगळा पाला एका कोपऱ्यात जाळतो. वाटेवर वीतभर जाड फांद्या अंथरल्या तर चाकोऱ्या निम्म्याही पडत नाहीत. ही गोष्ट फुकट आहे.

जेसीबीने ओंडके ओढणं सर्रास चालतं. त्याच्या बूमची रचना खणायला आणि उचलायला केलेली असते. बाजूने ओढताना पिना आणि बुश झिजतात, आणि उतारावर बूम बाजूला पसरलेला असताना यंत्र कलंडतं. थप्पीजवळ सपाटीवर ओंडके उचलायला तो उत्तम. त्याहून मोठं नुकसान होतं ते त्याने उतार आडवा कापून केलेल्या रस्त्यांनी. कापलेला मुरूम खालच्या अंगाला टाकला जातो, तो कधी दाबून बसवलेला नसतो, आणि पहिल्या दमदार पावसात तो खालच्या ओढ्यात उतरतो. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला ३० जुलै २०१४ ला जे घडलं, त्यानंतरच्या चर्चेत अतिवृष्टीबरोबर उतारावर झालेल्या सपाटीकरणाचाही मुद्दा आला होता. तीस टक्क्यांच्या वरच्या उतारावर लाकडासाठी नवा रस्ता कापूच नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे तारेचा झुला किंवा घसरगुंडी बघावी.

तारेचा झुला ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये खड्या डोंगरांवर नेहमीचा आहे. दोन टोकांना ताणलेली भारवाही तार, तिच्यावर चालणारी गाडी, आणि गाडीला ओढणारा दुसरा दोर. छोट्या प्रमाणावर तो इथेही बसवता येतो, पण झोळाचं, म्हणजे तार मधे किती लोंबते त्याचं, गणित समजल्याशिवाय हात लावू नये. ३०० मीटरचा गाळा (दोन टोकांमधलं अंतर), १५ मीटर झोळ, गाडीसकट ४६० किलो ओझं: ओझं मध्यावर असताना तारेवर ताण येतो सुमारे २,३०० किलो, तारेच्या स्वतःच्या वजनाचा धरून २,७००. बारा मिलिमीटरची चांगली तार साधारण साडेआठ टनांना तुटते, म्हणजे तिपटीची सुरक्षितता. आता ओंडका जमिनीला लागतो म्हणून कोणी तार आवळून झोळ निम्मा केला, तर तोच ताण ५,४०० वर जातो आणि सुरक्षितता दीडपटीवर येते. तार घट्ट म्हणजे भक्कम, ही समजूत इथे जीव घेते. ओंडका जमिनीला लागत असेल तर टोकं उंच करायची किंवा मधे आधार द्यायचा, तार आवळायची नाही. सह्याद्रीत दुसरी अडचण नांगराची, म्हणजे तार ज्याला बांधायची त्या आधाराची. काळ्या खडकावर फूट-दोन फूट माती असते, मुळं आडवी पसरलेली असतात, आणि एकटा बुंधा मुळांसकट उपटून येतो. दोन-तीन बुंधे एकामागे एक बांधावेत, नाहीतर खडकात भोक पाडून बोल्ट बसवावा.

घसरगुंडी स्वस्त आहे. हिमालयात लाकडाच्या कोरड्या घसरगुंड्या, ज्यांना पाथरू म्हणत, त्यांवरून देवदाराचे स्लीपर नदीपर्यंत उतरवत. आता अर्धे चिरलेले जाड प्लास्टिक पाइप एकात एक अडकवून तेच करतात. बाभूळ-निलगिरीच्या वीत-सव्वा वीत जाडीच्या तुकड्यांना २५ ते ४५ टक्के उतारावर ती छान चालते. शेवटचे १०-१५ मीटर सपाट किंवा किंचित चढाचे ठेवले नाहीत तर तुकडे गोळीसारखे येतात. सागाचे मोठे ओंडके तीतून सोडू नयेत. टोकं आपटून भेगा आत जातात, आणि टोकाची भेग म्हणजे चौकटीची लांबी गेली.

बाकीच्या पद्धती आपल्या उतारांसाठी नाहीत, तरी एक-दोन गोष्टी त्यांच्याकडून घेण्यासारख्या. गडचिरोलीतल्या कमलापूरचे हत्ती एके काळी त्या जंगलातला साग ओढायचे. हत्तीला वाट कापावी लागत नाही, पण साखळीसाठी बुडख्याला भोक पाडावं लागे आणि तेवढं लाकूड वाया जाई. म्यानमारमध्ये सागाच्या बुंध्याची साल आणि रसकाष्ठ (सालीखालचं कोवळं लाकूड) गोल कापून झाड दोन-तीन वर्षं उभंच सुकवत, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि त्यांना तो नदीतून न्यायचा असे. कोचीनच्या जंगल ट्रामवेवर, जी १९०७ ते १९६३ चालली, उतारांवर भरलेले डबे खाली येताना रिकामे डबे वर ओढत. वजन कमी करणं आणि उताराकडूनच काम करून घेणं, दोन्ही कल्पना आजही तितक्याच कामाच्या आहेत.

थप्पीची जागा ट्रक वळेल एवढी, कोरडी आणि ओढ्यापासून लांब हवी. तोडीची परवानगी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आधीच घेतलेली असते. वाहतूक परवान्यासाठी माल तपासला जातो तो थप्पीवर, त्यामुळे सगळे बुडखे एका बाजूला, त्यांवर क्रमांक आणि घेर-लांबी रंगवलेली, आणि दोन थप्प्यांमध्ये टेप फिरवायला माणूस जाईल एवढी जागा ठेवावी. वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का मारायला बुडखा मोकळा हवा. थप्पी पुन्हा उचकटायला लागली की एक दिवस मजुरीसकट जातो.

क्रेन नसेल तर ट्रक असा भरावा. चार फूट उंचीच्या हौद्याला १२ फुटांच्या दोन भक्कम बल्ल्या टेकवायच्या, म्हणजे तीनास एक चढ. दोन दोरांची टोकं हौद्याला बांधून, दोर ओंडक्याखालून घेऊन वर परत आणायचे आणि वरून ओढायचे. चढामुळे जोर तिसरा हिस्सा होतो, दोराच्या फेऱ्यामुळे त्याचाही निम्मा. ३६० किलोचा ओंडका ६० किलोच्या ओढीत, घर्षण धरून ७०-८० मध्ये, चार माणसं वर चढवतात. बुडख्याकडची बाजू पुढे पळते, म्हणून तिकडचा दोर अडवून धरायचा आणि शेंड्याकडचा ओढायचा. बल्ल्यांना खालून खुंट्या ठोकलेल्या हव्यात.

हे सगळं काम नोव्हेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत उरकायचं. मुळशी-ताम्हिणीकडे माती ऑक्टोबरभर ओली असते. हातात घेतलेल्या मातीचा गोळा दाबून तसाच राहत असेल तर ट्रॅक्टर खाली उतरवू नये. माल गेल्यावर वाटा तशाच सोडून दिल्या जातात, आणि ओंडक्यांनी पाडलेली चर पावसाळ्यात ओढा होते. त्यासाठी वाटेवर तिरपे मातीचे बांध घालायचे, वाटेशी ३० अंश कोनात, वीतभराहून थोडे उंच, खालचं तोंड गवतात किंवा दगडांत उघडणारं. १० टक्के उतारावर दर २५ मीटरला एक, २० टक्क्यांवर दर १५ मीटरला, ३० टक्क्यांवर दर १० मीटरला. तोंड बंद राहिलं तर पाणी बांध फोडून दुप्पट जोराने जातं, त्यामुळे फावडं घेऊन प्रत्येक तोंड मोकळं करावं. दोन माणसांना २५० मीटरच्या वाटेला एक दिवस लागतो. वळीव कधी मेच्या मध्यातच येतो, म्हणून शेवटचा ट्रक निघाला की दुसऱ्या दिवशी हेच काम.